ब्रेकची कुरकुर आणि तेलाची बाटली

घरात काही कुरकुरलं की आपला हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. बिजागरी वाजली, तेल घाला. झोपाळ्याच्या कड्या करकरल्या, तेल घाला. शिवणाचं मशीन जड चाललं, तेल घाला. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायची रीत तर इतकी जुनी, की गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगल्याशिवाय लांबच्या प्रवासाला कोणी निघत नसे. हे सगळं आपल्या अंगात मुरलेलं आहे, आणि ते बरोबरही आहे. अडचण एवढीच होते, की मोटारीचा ब्रेक चिरकायला लागला तरी माणसं तोच उपाय करतात. निदान कोणी करून दिला तर त्याला दोन पैसे देऊन आभार मानतात.

ब्रेक हे बाकीच्या यंत्रांच्या उलट चालीचं यंत्र आहे. इतर सगळीकडे घर्षण म्हणजे शत्रू. ब्रेक मात्र घर्षणावरच जगतो. तिथे तेलाचे चार थेंब पडले तर आवाज जातो हे खरं, पण आवाजाबरोबर ब्रेकही जातो.

मोटार मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवलं. त्यांना मी एक जोडी ब्रेक पॅड नेहमी दाखवायचो. ते एका टुरिस्ट गाडीचे होते. पावसाळ्याचे दिवस, गाडी महाबळेश्वरला दोन-तीन दिवस उभी. परत निघाल्यावर पुढचे ब्रेक चिरकायला लागले. प्रत्येक वळणावर 'चींऽऽ' असा आवाज. मागे बसलेली मंडळी कंटाळली, चालकाला लाज वाटायला लागली. पाचगणीत रस्त्याकडेच्या एकाने चाकाच्या फटीतून गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मारून दिला. आवाज जागच्या जागी बंद. सगळे खूश. पुढे पसरणीचा घाट. पहिल्याच मोठ्या उतारावर चालकाने पाय दाबला, तर पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी आपली चाललेलीच. माणूस जुना, अनुभवी होता. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेला आणि डोंगराच्या अंगाला घासत गाडी उभी केली. कोणाला लागलं नाही. तो वाचला याचं कारण असं, की हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि मागच्या चाकांना त्या भल्या माणसाने स्प्रे मारला नव्हता.

आता त्या घाटात ब्रेकवर काय भार येतो, त्याचा थोडा हिशोब करू. माणसांसकट १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायची, तर तिच्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेवर साधारण अर्धा लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे एकदा गाडी थांबवली, की तीन-चार कप चहाचं आधण झालं. हे झालं सपाट रस्त्यावरचं. पाचगणी ते वाई यांच्या उंचीत ५०० मीटरहून जास्त फरक आहे. एवढा उतार कोणी नुसत्या ब्रेकवर उतरला, तर होणाऱ्या उष्णतेवर सतरा-अठरा लिटर पाणी उकळेल, म्हणजे चांगली बादलीभर. आणि ही सगळी उष्णता तळहाताएवढ्या चार पॅडवर आणि मागच्या दोन ड्रमवर. म्हणून घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, असं जुने चालक सांगत आले आहेत. इंजिनाने गाडी धरून ठेवली, तर ब्रेकला थंड व्हायला सवड मिळते.

हे झालं कामाचं. पण आवाज का येतो?

शाळेतला फळा आठवा. खडू एका विशिष्ट कोनात धरला की अंगावर काटा आणणारा आवाज येतो. खडू जरा तिरका केला की तोच खडू गुपचूप लिहायला लागतो. आवाज येतो तेव्हा खडू फळ्यावर सरळ घसरत नसतो. तो चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतं आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. ब्रेकच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात तेव्हा हाच खेळ चालतो. त्यात डिस्क म्हणजे बिडाची जाड थाळी. ती दोरीला टांगून पान्याने ठोकून पाहा, शाळेतल्या तासासारखी घणघणते. पॅडची थरथर आणि डिस्कचा स्वतःचा नाद यांचा मेळ जमला, की सेकंदाला हजारापासून पंधरा हजारांपर्यंत कंपनांचा तो चिरका सूर निघतो. गाडी हळू होत अगदी थांबायच्या बेतात आली की तो जास्त ऐकू येतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

म्हणजे नुसतं चिरकणं हे दर वेळी बिघाडाचं लक्षण नसतं. तो एक योगायोग असतो. जमला तर वाजतो, मोडला तर गप्प होतो. मोटारी बनवणाऱ्यांची डोकेदुखी मात्र पहिल्या दिवसापासूनची आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांनी डिस्कला आवळायला तांबं वापरलं होतं. धातूवर धातू घासून जो किंचाळा उठायचा, त्याने लोक हैराण झाले. पुढे काही वर्षांतच हर्बर्ट फ्रूड नावाच्या दुसऱ्या एका इंग्रजाने ब्रेकला ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं. ब्रेक शांत झाला, टिकाऊ झाला, उष्णतेला पुरून उरला. जगभर तेच अस्तर वापरात आलं. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, हे पक्कं व्हायला आणि मग कायदे व्हायला कितीतरी दशकं गेली. युरोपीय संघात त्याच्यावर सरसकट बंदी आली ती २००५ साली. ब्रेकचा आवाज बंद करण्याची किंमत तोवर गॅरेजात काम करणाऱ्या किती जणांनी मोजली असेल!

हे सांगण्यामागे आजचंही एक कारण आहे. आपल्याकडे अजून चाक काढलं की कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रममधली काळी धूळ फुस्सकन उडवायची पद्धत आहे. पोरगं तोंडावर रुमालसुद्धा बांधत नाही. जुन्या गाडीच्या किंवा स्वस्त लायनरमध्ये काय काय असेल, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून ती धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनर मारून काढायची, हवेने नाही, फुंकून तर अजिबात नाही. तुम्ही गॅरेजात उभे असाल तर दोन पावलं मागे सरा, आणि त्या पोरालाही सांगा.

आता तुमच्या गाडीकडे वळू. आवाजाची तक्रार घेऊन कोणी आलं, की मी आधी चाक काढायला लावत नसे. आधी विचारत असे, आवाज कधी येतो? निम्मं निदान या एका प्रश्नात होतं.

सकाळी गाडी काढली, पहिल्या चार-पाच ब्रेकांना 'खर्र खर्र' झालं आणि मग थांबलं, तर काही करू नका. डिस्क बिडाची असते आणि ती उघडीच असते. रात्रभर पाऊस पडला किंवा आदल्या संध्याकाळी गाडी धुतली, की तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो. पहिल्या काही ब्रेकांत तो घासून जातो. मुंबईत, कोकणात, गोव्यात समुद्राकाठी राहणाऱ्यांना हा आवाज वर्षाचे बरेच महिने येणार. त्यासाठी नवे पॅड घालून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. पुढच्या पावसात त्यांच्या नव्या पॅडनीही तेच गाणं म्हटलं. मात्र गाडी दोन-तीन महिने बंद पडून असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गंज खोल जातो, पॅड डिस्कला चिकटून बसतात आणि तो नुसता घासून निघत नाही.

आता दुसरा आवाज, आणि याच्याकडे नीट लक्ष द्या. गाडी चालत असताना, पाय ब्रेकवर नसतानाही, चाकाच्या फिरण्याबरोबर बारीक, सुईसारखा 'चिंऽ चिंऽ' आवाज येतो आणि ब्रेक दाबला की तो बदलतो किंवा थांबतो. ब्रेक दाबल्यावर थांबणारा आवाज ब्रेकचा कसा असेल, असं वाटून लोक तो सोडून देतात. तोच तर खरा बोलावणं करणारा आवाज आहे. पुष्कळ गाड्यांच्या पॅडला स्प्रिंगच्या पोलादाची एक बारीक पट्टी जोडलेली असते. पॅडचं अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं, की ती पट्टी डिस्कला टेकते आणि मुद्दाम वाजते. कारखान्याने बसवलेला तो पहारेकरी आहे. काही ठिकाणी त्या पट्टीला पक्कडीने वाकवून देतात. गिऱ्हाईक खूश, आवाज गेला, आणि पैसेही थोडेच पडले! मला विचाराल तर तेल मारणाऱ्यापेक्षा हे वाईट. तेल मारणारा निदान अज्ञानी असतो.

त्या पट्टीचं ऐकलं नाही, तर पुढचा आवाज येतो तो 'घर्रर्र'. चिरकणं नाही, खरवडणं. दगडी जात्यात खडा आल्यासारखं. तोवर अस्तर संपलेलं असतं आणि पॅडचा पाठचा लोखंडी पत्रा डिस्कला कातत असतो. ही गाडी चालवत गॅरेजपर्यंत न्यायची नाही. मेकॅनिकला बोलवा, नाहीतर ओढून न्या.

खरवडण्याचा एक फसवा भाऊही आहे. कच्च्या रस्त्यावरून आलात आणि अचानक चाकातून पत्रा फाटल्यासारखा भयंकर आवाज सुरू झाला, ब्रेक लावा की न लावा, तर बहुधा डिस्क आणि तिच्यामागचा धुळीचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असतो. गाडी थोडी मागे-पुढे घेतली की कित्येकदा तो आपला आपण पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा जरासा वाकवायचा. पाच मिनिटांचं काम, आणि आवाज मात्र गाडी मोडल्याचा.

घाट उतरून आल्यावर सुरू झालेला आणि नंतर थंड गाडीतही टिकलेला चिरका आवाज असेल, तर पॅड तापून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. गॅरेजात म्हणतात, पॅड ग्लेझ झाले. ते नुसतेच वाजत नाहीत, धरतातही कमी. थोडंच ग्लेझ असेल तर जाड्या पॉलिश पेपरवर सपाट धरून घासले की चालतं. पॅडला तडे असतील, कडा कुरतडलेल्या असतील, तर बदला. आणि असा आवाज वरचेवर येत असेल, तर चालवणाऱ्याच्या पायाकडेही बघा. काहींचा पाय ब्रेकवर विसाव्याला ठेवल्यासारखा असतो.

एका बाजूनेच आवाज येतो, गाडी ब्रेक लावला की त्याच किंवा दुसऱ्या अंगाला खेचते, थोडं चालवून उतरल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागतं, जळका वास येतो? मग दोष बहुतेक वेळा पॅडचा नसतो, कॅलिपरचा असतो. पण गरम म्हणून डिस्कला हात लावू नका, कातडी सुटेल. चाकाच्या रिमजवळ तळवा धरला तरी फरक कळतो. कॅलिपर म्हणजे पॅडना आवळणारा चिमटा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये तो दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. पिनांवरचं रबर फाटलं, पाणी-चिखल आत गेला, पिना कोरड्या पडून गंजल्या, की चिमटा सरकत नाही. मग एक पॅड सतत घासत राहतो. चाक काढल्यावर आतला पॅड अर्धा संपलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसला, तर निदान झालं समजा. इथे कोणी नुसते नवे पॅड घालून दिले, तर काही महिन्यांत तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे. पिना काढून, साफ करून, योग्य ग्रीस लावून परत बसवायला हव्यात.

ग्रीस म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, आता तुम्हीच वंगण लावायला सांगता! सांगतो, पण जागा बघून. सरकणाऱ्या पिनांना ग्रीस हवंच, आणि तेही ब्रेकसाठीचं सिलिकोनचं. साध्या ग्रीसने पिनांची रबरं फुगतात. पॅडच्या पाठीला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, आणि पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे, उष्णता सोसणारी खास पेस्ट बोटाच्या टोकाएवढी लावली, तर थरथर तिथेच मुरते आणि चिरकणं थांबतं. पॅडच्या पाठीला लावलं तर औषध, पोटाला लागलं तर विष, आणि या दोन बाजूंमध्ये अंतर असतं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. म्हणून ही पेस्ट जास्त लावायची नाही. तापल्यावर ती वितळून पुढे आली तर घोळ झालाच.

एकदा तेल प्यायलेला पॅड परत कामाला येत नाही, हेही सांगून ठेवतो. पेट्रोलने धुऊन, स्टोव्हवर भाजून तो 'तयार' करून देणारे आहेत. अस्तर सच्छिद्र असतं, तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की ते पुन्हा वर येतं. असे पॅड फेकून द्यायचे, तेही दोन्ही चाकांचे. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसून पुन्हा वापरता येते. आणि तेल काही फक्त स्प्रेने येत नाही. गाडी धुतल्यावर खालून डिझेलचा किंवा तेलाचा फवारा मारून 'चकाचक' करून देतात, त्यातलं ब्रेकवर उडतं. टायर काळे कुळकुळीत दिसावेत म्हणून फवारायचं पॉलिश डिस्कवर जातं. मोटरसायकलवाले साखळीला तेल मारतात आणि त्याचे तुषार मागच्या डिस्कवर बसतात. फडक्यावर घेऊन लावा, फवारू नका.

घरी बघायचं असेल तर कितपत बघावं? पुष्कळ गाड्यांच्या मिश्र धातूच्या चाकांच्या आऱ्यांमधून टॉर्च मारला की बाहेरच्या पॅडची जाडी दिसते. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतं. ते ३ मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ झाली, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढं. पण बाहेरचा पॅड चांगला दिसला म्हणून आतला चांगला असेलच असं नाही, ते आत्ताच सांगितलं. आतला बघायला चाक काढावं लागतं. गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी, बाकीच्या चाकांमागे दगड हवेत, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, पायही घालायचा नाही. ज्याला याची सवय नाही त्याने गॅरेजात चाक काढून घ्यावं, स्वतः उभं राहून बघावं. काही विचारायला संकोच करू नये.

गॅरेजात नव्या पॅडचा विषय निघाला की जुने पॅड हातात मागा. चारही. ते बघितल्यावर तुम्हाला कळेल की खरंच संपले होते का, सारखे झिजले होते का. डिस्क बदलायला सांगितली तर जाडी मोजून दाखवायला सांगा. कमीत कमी किती जाडी चालते, तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. डिस्कच्या कडेला धार आली असेल, पाय ठेवल्यावर पेडल थरथरत असेल, तर ती लेथवर घासून घेता येते, पण त्या आकड्याच्या खाली जाऊन नाही. पॅडच्या पाठीवर रबराचा लेप असलेली पातळ पत्र्याची चकती येते, तिला शिम म्हणतात, आणि बाजूला छोट्या क्लिपा असतात. जोडताना हे 'फालतू' म्हणून टाकून दिलं, की नवे कोरे पॅड पहिल्या दिवसापासून वाजतात. वाजणाऱ्या नव्या पॅडच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ मला या कचऱ्याच्या डब्यात सापडलं आहे.

पॅडच्या प्रतीचंही थोडं. जास्त धातू असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण आवाज जास्त करतात आणि डिस्कही खातात. सेंद्रिय किंवा सिरॅमिक जातीचे शांत असतात. गाडीच्या कंपनीने जे सुचवले असतील ते घ्यावेत. खोक्यावर नाव तेच आणि किंमत निम्मी, अशा मालापासून लांब राहावं. मागच्या ड्रमबद्दल फार बोलत नाही. तिथे आवाज आला तर बहुधा आत साठलेली धूळ, कोरड्या पडलेल्या टेकण्या किंवा संपलेले लायनर असतात. उघडून साफ केलं की भागतं. ड्रम उघडल्यावर आतून ओलं दिसलं, तर व्हील सिलिंडर गळतोय. मग आवाजाचं विसरा आणि आधी ते दुरुस्त करा.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याकडेही एक नजर टाका. पॅड झिजत जातात तशी त्यातली पातळी हळूहळू खाली येते. ती बघून वर ऑइल भरू नका. आधी पॅड बघा. नाहीतर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला, की तेच ऑइल डब्यातून बाहेर येऊन गाडीचा रंग खातं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पुरेसं पाणी शोषलं की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळलं, वाफ झाली, की पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, दिसायला स्वच्छ असलं तरी.

नवे पॅड बसवल्यावर गॅरेजमधून गाडी काढण्याआधी, उभ्या गाडीत ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो. हे कोणी केलं नाही तर गॅरेजच्या दारातच भिंतीला गाडी लागते. ती मी लागलेली पाहिली आहे, नव्या पॅडसकट.

मग पॅड मुरवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग कमी करा. प्रत्येक वेळेनंतर थोडं चालवून ब्रेकला वारा लागू द्या. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका. त्यामुळे पॅडच्या अस्तराचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि दोघांची जोडी जमते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, अडचण आल्याशिवाय, करकचून ब्रेक लावू नका. या दिवसांत थोडा आवाज आला तर येऊ द्या. आणि करकचून लावलाच आणि पायाखाली 'टर्रर्र' अशी धडधड झाली, तर घाबरून पाय काढू नका. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. चाक जाम होऊ नये म्हणून ती यंत्रणा ब्रेक सोडते-धरते, त्याचा तो आवाज असतो. पाय तसाच दाबून ठेवा.

विजेवरच्या गाड्या घेतलेल्यांना वाटत असेल की आपण यातून सुटलो. या गाड्या पाय उचलला की मोटरच्याच मदतीने वेग कमी करतात आणि त्यातली वीज बॅटरीत परत घालतात. पॅड फार कमी वापरले जातात, वर्षानुवर्षं टिकतात. पण न वापरलेली डिस्क गंजते, पिना जागच्या जागी धरून बसतात आणि मग चाक कुरकुरतं. आपल्या दमट किनाऱ्यावर तर लवकर. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे आरशात बघून, अशा गाडीचा ब्रेक पायाने चार-सहा वेळा चांगला दाबावा, आणि वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर चाकं काढून पिना सरकतात का ते बघून घ्यावं.